सरड्याचा ‘रडा’ कुठे होतो? : मुलांच्या कवितेची तोंडी परीक्षा

‘बालकवितेवर पीएच.डी. करतेय’ असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव येतो. एक, ‘अय्या, किती गोड!’ आणि दुसरा, ‘यात शोधायचं काय असतं?’ पहिल्या भावाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्यासाठी हा लेख आहे.

आधी एक प्रयोग करू. खालच्या दोन ओळी मोठ्याने म्हणा. मनात नाही, तोंडाने. शेजारी कुणी बसलं असेल तर बसू दे. ओळी मीच जुळवल्या आहेत, त्यामुळे नावं ठेवायची मोकळीक आहे.

एक सरडा घुसला पिशवीत

पिशवीमध्ये सरडा घुसला

आता समान अंतराने चार टाळ्या वाजवत म्हणा. दुसरी ओळ आपोआप चार टाळ्यांत बसते: पिशवी, मध्ये, सरडा, घुसला. पहिलीला मात्र टाळ्या लावायला गेलात की काहीतरी विचित्र होतं. पहिली टाळी ‘एक’वर पडते, ते ठीक. पण दुसरी पडते ‘सरडा’च्या मधोमध. ओळ अशी तुटते: एकस, रडाघु, सलापि, शवीत. सरडा जाऊन ‘रडा’ उरतो.

गंमत अशी की कागदावर दोन्ही ओळी बिनचूक आहेत. शाळेत शिकलेला हिशेब आठवा: लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन, जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर आला की तेही गुरू. मोजून बघा. पहिल्या ओळीच्या मात्रा १६, दुसरीच्याही १६. चार-चार मात्रांचे चार गट म्हणजे मराठीतली अतिशय ओळखीची, पादाकुलकाच्या वळणाची चाल. वहीत मात्रा मोजून लिहिणाऱ्या माणसाला दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण करावी लागेल.

मग तोंडाला फरक कसा कळतो?

लिहितो तीन, बोलतो दोन

‘सरडा’ लिहिताना आपण तीन अक्षरं लिहितो. बोलताना मात्र ‘सर्‌डा’ म्हणतो. ‘र’मधला ‘अ’ गळतो आणि उच्चाराचे तुकडे दोनच उरतात: ‘सर्’ आणि ‘डा’. पिशवीचं ‘पिश्‌वी’ होतं, घुसलाचं ‘घुस्‌ला’, खिडकीचं ‘खिड्‌की’. मराठी बोलणारा प्रत्येक जण हे दिवसातून हजार वेळा करतो आणि त्याला पत्ताही नसतो. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत या गळणाऱ्या ‘अ’वर पानंच्या पानं आहेत, पण बालकवितेच्या समीक्षेत मला तो फारसा भेटला नाही.

आता यातली मेख बघा. ‘स’ आणि ‘र’ वेगवेगळे मोजले तर एक अधिक एक अशा दोन मात्रा. ‘सर्’ असा एक बंद तुकडा मोजला तरी दोनच मात्रा. म्हणजे ‘अ’ गळला तरी बेरीज बदलत नाही! म्हणूनच मात्रांचा हिशेब ही चूक पकडू शकत नाही. चूक बेरजेत नसतेच, टाळी कुठे पडते त्यात असते. टाळी ‘सर्’च्या पोटात पडली की म्हणणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर ‘स-रडा’ असं कुणीही कधी न म्हणलेलं म्हणायचं, नाहीतर टाळी सोडून द्यायची. मोठी माणसं ती न कळत सोडतात. मूल तिथे अडखळतं.

तुम्ही म्हणाल, ओवी आणि अभंगांत तर अक्षरंच मोजतात, तिथे हे का होत नाही? कारण तिथे गायन आहे. जात्यावर बसलेली बाई अक्षर लांबवते, आणि लांबवताना गळालेला ‘अ’ परत येतो. तिला वेळ असतो. मुलांची कविता गाणं आणि बोलणं यांच्या मधल्या जागेत राहते. ती उड्या मारत, टाळ्या देत, बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हटली जाते. तिथे अक्षर ताणायला सवड नसते.

माझ्या प्रबंधाचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा तर असा: मुलांची कविता कागदावर नव्हे, दुसऱ्याच्या तोंडात पूर्ण होते, आणि म्हणून ती लिहिणाऱ्याच्या रोजच्या सवयी हा समीक्षेचा विषय आहे. सहामाही प्रगती अहवालाच्या वेळी माझ्या गाईड मॅडमनी विचारलं होतं, “सवयी म्हणजे चरित्र झालं. हे समीक्षेत कुठे बसतं?” त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आता प्रयत्न करते.

तिसरीतली अडखळ

मी तिसरीत असताना स्नेहसंमेलनात कविता म्हणायला उभी राहिले. कविता पाठ होती. झोपेतून उठवून विचारली असती तरी म्हटली असती. पण दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. तिसऱ्यांदा बाईंनी पडद्यामागून ओळ सांगितली. खाली उतरल्यावर मला सांगण्यात आलं की माझं पाठांतर कच्चं आहे. नंतरची बरीच वर्षं मी ते खरं मानलं. वक्तृत्व, नाटक, कशातही नाव दिलं नाही.

कविता कोणाची ते सांगत नाही, त्या कवीने पुढे फार चांगलं लिहिलं आहे. पण गेल्या वर्षी ती ओळ मी कागदावर उतरवून टाळ्यांचे गट पाडले. चार गटांपैकी दोन गट शब्दाच्या पोटात तुटत होते, आणि त्यातला एक नेमका त्या ठिकाणी, जिथे मी थांबायचे. मात्रा अर्थातच बरोबर होत्या.

हे वाचून तुम्हाला वाटेल की एवढ्याशा गोष्टीवरून कुणी पीएच.डी. करतं का. पण विचार करा. कविता फसली तर मोठा वाचक पुस्तक मिटतो आणि कवीला नावं ठेवतो. मूल कवीला नावं ठेवत नाही. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आणि वर्गात ज्याच्या घरची बोली पुस्तकी मराठीपासून लांबची आहे, जो ‘आहे’ऐवजी ‘हाय’ म्हणतो, त्याला तर ही समजूत करून द्यायला सगळे टपलेलेच असतात. त्याची अडखळ लगेच त्याच्या बोलीच्या खात्यावर जमा होते. ती खरोखर बोलीमुळे आहे की ओळीमुळे, हे कुणी तपासत नाही. चार टाळ्या वाजवल्या असत्या तर कळलं असतं.

मावशीची वही

माझी मावशी बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून पहिली-दुसरीला शिकवत होती. आता निवृत्त आहे. ती वर्गासाठी कविता लिहायची, जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. घरात कुणी त्याला ‘लिखाण’ म्हणत नव्हतं, तीही म्हणत नव्हती. एम.ए.ला असताना मी त्या वाचल्या आणि ‘उपदेशपर’ असा शिक्का मारून ठेवून दिल्या.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा उघडल्या तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. ओळींच्या डोक्यावर, काही अक्षरांच्या वर, पेन्सिलीने बारीक आकडे होते. १७. २२. ४. मला वाटलं मात्रांचे असतील, पण मात्रा बावीस कशा होतील? विचारलं तर मावशी म्हणाली, “हजेरी नंबर आहेत ते. ज्या पोराची जीभ जिथे अडकली, तिथे त्याचा नंबर.”

तिची पद्धत अशी होती. कविता लिहिली की ती स्वतः वर्गात म्हणून दाखवायची नाही. फळ्यावर लिहायची आणि एकेका पोराला वाचायला लावायची, चालीविना. ती मागच्या बाकावर कागद घेऊन बसायची. मग तिचा नियम. एकाच अक्षरावर तीन नंबर आले तर ओळ बदलायची. आणि एकच नंबर तीन ठिकाणी आला तर ओळ तशीच ठेवून त्या पोराजवळ जाऊन बसायचं.

मी हे ऐकून गप्पच बसले. कविता चुकली की वाचणारा चुकला, हा प्रश्न आम्ही चर्चासत्रांत किती जड शब्दांत मांडतो! मावशीकडे त्यासाठी एक पेन्सिल होती. मग मी माझी तिसरीतली ओळ तिच्या ओळखीच्या एका वर्गात चालीविना वाचून घेतली. तीन मुलं त्याच जागी थांबली. घरी येताना एसटीत मला उगाचच हसू येत होतं.

सवय कशाला लागते?

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. ओळ टाळीत बसते की नाही हे कवीला स्वतः म्हणून बघता येत नाही का? येतं, पण एकदाच. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही ओळ लिहिली आणि दहा वेळा म्हटली की तुमचं तोंड तिच्याशी जुळवून घेतं. कुठे जरा ताणायचं, कुठे पटकन पुढे सरकायचं, हे जीभ शिकते. अकराव्या वेळी ओळ सुरळीत जाते, आणि तुम्हाला वाटतं ओळ दुरुस्त झाली. ओळ आहे तिथेच असते, दुरुस्त तुम्ही झालेले असता.

वर दिलेली पहिली ओळ, ‘एक सरडा घुसला पिशवीत’, आता दहा वेळा म्हणून बघा. जमेल. हाच धोका आहे.

म्हणून लिहिणाऱ्याला रोज एक ‘कोरं तोंड’ लागतं, ज्याने ती ओळ आधी ऐकलेली नाही. असं तोंड मिळवणं, त्याच्यासमोर गप्प बसणं, आपण ‘असं म्हणायचं’ म्हणून मदत न करणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरं कोरं तोंड शोधणं, ही सवय कवितेच्या बाहेरची नाही. ती ओळीच्या घडणीत उतरते. ज्याने हे केलं आहे आणि ज्याने केलेलं नाही, त्यांच्या ओळी वेगळ्या ओळखता येतात. सवय पानावर दिसत असेल तर ती समीक्षेत बसते.

दुसरी सवय खोडण्याची. माझ्या सरड्याला आपण दुसरी ओळ जोडू:

पिशवीमध्ये सरडा घुसला
आजीचा तो चष्मा पुसला

टाळ्या ठीक पडतात. पण त्या ‘तो’कडे बघा. तो तिथे काय करतोय? मात्रा भरतोय. बालकवितेत असे भरतीचे शब्द गर्दी करून असतात: तो, ती, हा, गं, रे, छान, सुंदर, इवलासा. प्रत्येक जण एकेकटा निरपराध दिसतो. मावशीच्या वहीत अशा शब्दांभोवती गोल आहेत. ती म्हणते, “पोरं लगेच विचारतात, ‘तो’ म्हणजे कोणता चष्मा? दुसरा पण आहे का?” मुलांना शब्द खरा वाटतो. तो नुसता जागा अडवायला आलाय हे त्यांना माहीत नसतं.

आता बदलून:

पिशवीमध्ये सरडा घुसला
आजीसाठी चष्मा पुसला

दोनच अक्षरं बदलली. ‘चा तो’ गेलं, ‘साठी’ आलं. मात्रा तितक्याच. पण आता सरडा आणि आजी यांच्यात काहीतरी नातं तयार झालं. सरडा मदतीला आलाय! मात्रा भरायची म्हणून जी जागा वाया जात होती, तिथे गोष्ट आली. मुलांच्या कवितेत एवढी कमी जागा असते की दोन मात्रांत एक माणूस मावतो.

क्रियापदांचं स्वस्त यमक

मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवणारे आणि त्यावरून लिहिणाऱ्यांसाठी नियम काढणारे एक प्रसिद्ध कवी रशियन भाषेत होऊन गेले, कर्नेई चुकोव्स्की (१८८२–१९६९). त्यांनी लहान मुलांचे शब्द, चुका, प्रश्न गोळा केले. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं. ते पुढे ‘दोन ते पाच’ या नावाने ओळखलं गेलं आणि ते त्यात भर घालत राहिले. त्या पुस्तकात मुलांच्या कवींसाठी काही आज्ञाच दिल्या आहेत. कवितेत भराभर चित्रं बदलू द्या. यमकाचे शब्द जवळजवळ ठेवा, आणि अर्थाचा भार त्यांच्यावर टाका. प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहू द्या. विशेषणांची गर्दी करू नका, क्रियापदांना जागा द्या.

यातले बहुतेक नियम मराठीत सरळ चालतात. ओळ स्वतःच्या पायावर उभी हवी, हे तर आपण सरड्यावर पाहिलंच. पण शेवटचा नियम मराठीत जपून वापरावा लागतो. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि यमकही ओळीच्या शेवटी असतं. त्यामुळे क्रियापदांचं यमक मराठी कवीला फुकट मिळतं. आला, गेला, केला, मेला. करतो, भरतो, धरतो, मरतो. प्रत्यय सारखे असल्यामुळे भाषा स्वतःच यमक जुळवून देते आणि कवी त्याला आपली कामगिरी समजतो. कवितासंग्रह उघडा आणि ओळींचे फक्त शेवटचे शब्द वरून खाली वाचत जा. पानामागून पान क्रियापदंच आली तर समजा की यमक भाषेने जुळवलंय.

माझ्या जोडओळीतही हाच दोष आहे, घुसला-पुसला. तो चालवून घेता येईल का? इथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते. दुसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द हाताने झाका आणि मुलाला ओळखायला सांगा. सगळ्यांनी बरोबर ओळखला तर यमक मेलेलं आहे. उत्तर सांगूनही कुणाला पटलं नाही, तर ते ओढूनताणून आणलेलं आहे. आणि मुलांनी आत्मविश्वासाने चुकीचा शब्द सांगितला, मग खरा शब्द दिसल्यावर ती हसली, तर यमक जिवंत. ‘आजीसाठी चष्मा...’ यापुढे वर्गातल्या बहुतेकांनी ‘घातला’ आणि ‘आणला’ म्हटलं. एकाने ‘चोरला’ म्हटलं. ‘पुसला’ कुणीच म्हटलं नाही. पण उत्तर सांगितल्यावर दोघं-तिघंच हसली, म्हणजे जेमतेम पास.

मावशी कुठे कमी पडते

इथवर वाचून असं वाटेल की टाळी जुळली, भरती काढली, यमक तपासलं की झाली कविता. तसं असतं तर मावशीची वही आज पाठ्यपुस्तकात असती. तिच्या कविता जिभेवर लोण्यासारख्या जातात. पण त्या झाडं लावायला सांगतात, हात धुवायला सांगतात, पाणी जपायला सांगतात, आणि संपतात. एकदा म्हटलेली कविता पुन्हा म्हणावीशी वाटायला जे लागतं ते तिथे नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, “मला वर्ग पुढे न्यायचा होता, तुला प्रबंध न्यायचाय.” भांडण मिटलेलं नाही.

फरक कळायला विंदा करंदीकर वाचावेत. ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही त्यांची मुलांसाठीची पुस्तकं १९६१ सालची, आणि ‘टॉप’, ‘सात एके सात’, ‘बागुलबोवा’ १९९३ची. म्हणजे बत्तीस वर्षं हा माणूस या कामात होता. मुलं लहान असताना केलेली चार दिवसांची हौस नव्हती ती. ‘राणीची बाग’च्या चार वर्षं आधी, १९५७ साली, त्यांनी केलेला ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा मराठी अनुवाद आला होता. प्रौढांसाठी लिहिताना त्यांनी तालचित्रांचे प्रयोग केले, म्हणजे तबल्याचा ताल थेट शब्दांत उतरवून पाहिला. हा कान घेऊन ते मुलांकडे आले. शिवाय विंदा, मंगेश पाडगांवकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगाव जाऊन कवितावाचन केलं, आणि तिघांनीही मुलांसाठी लिहिलं. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. समोरच्या श्रोत्यांकडून आपली ओळ तपासून घ्यायची सवय ज्यांना लागली, त्यांच्या ओळी मुलांच्या तोंडात टिकल्या.

पण कान ही अर्धीच गोष्ट. विंदांच्या बालकवितेत शब्द रोजचे असतात आणि वेडेपणा अर्थात असतो. ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) घ्या. तिथे जगाचे नियम उलटे आहेत, पण ते सांगण्याचा सूर भूगोलाच्या मास्तरांसारखा गंभीर आहे. ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’मध्ये (१९८१) भुतं आहेत, आणि त्यांचं घर आपल्या घरासारखं चालतं. मुलाला भिववायचंही नाही आणि ‘भुतं नसतात हं बाळ’ असं समजवायचंही नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याच घरात नेऊन बसवायचं. उपदेश करणारा कवी मुलाला काय व्हायला हवं ते सांगतो. इथे कवी मुलाला त्याच्या बुद्धीच्या बरोबरीने वागवतो, ‘हे असं असतं तर पुढे काय काय होईल ते तूच बघ’ म्हणतो. आणि हे धाडस करता येतं कारण ताल पक्का आहे. अर्थ कितीही वेडावाकडा पळाला तरी मुलाच्या पायाखालची जमीन हलत नाही. ताल डळमळीत आणि अर्थही वेडा असेल, तर मूल फक्त गोंधळतं.

म्हणून मी मावशीला आणि विंदांना एकाच प्रकरणात ठेवलंय. एकीकडे ताल आहे पण धाडस नाही, दुसरीकडे धाडस तालावर उभं आहे. आणि आजच्या पुष्कळ बालकवितेत मला तिसराच प्रकार दिसतो. विषय नवे आहेत, मोबाइल, पर्यावरण, आईबाबांची नोकरी. प्रस्तावनांत त्याच विषयांचं कौतुक असतं, ‘निरागस भावविश्व’ वगैरे. पण ओळी कुणाच्या कोऱ्या तोंडातून गेलेल्या नाहीत. विषय नवा आहे म्हणून आपण तुटलेला सरडा चालवून घेतो.

दोन हरकती

पहिली हरकत चालीची. आपल्या शाळांत जवळजवळ प्रत्येक कवितेला एक चाल लावतात, आणि बऱ्याच शाळांत तीच ती चाल सगळ्या कवितांना. चाल लागली की तुटक ओळही ताणून बसवता येते. मग टाळीचा एवढा बाऊ कशाला? माझं म्हणणं, चाल जसे दोष झाकते तसे गुणही झाकते. चांगल्या ओळीत जिथे नैसर्गिक उसळी असते, तिथेही ती एकच हेलकावा देते. म्हणून तपासताना चाल बाजूला. म्हणताना खुशाल लावा.

दुसरी हरकत मावशीची, आणि ती जास्त अवघड आहे. तिचं म्हणणं, “अडखळायला पण मजा येते की! जीभ वळते का बघायची गाणी नसतात का?” बरोबर आहे. ताल मुद्दाम मोडूनही कविता रंगते. मूल धाडकन आपटतं आणि हसतं. मग चुकून मोडलेला ताल आणि मुद्दाम मोडलेला यांत फरक कसा करायचा? कागदावरून मला अजून जमलेलं नाही. वर्गात मात्र कळतं. मुद्दाम केलेल्या जागी मूल अडखळलं की आजूबाजूच्यांकडे बघून हसतं आणि पुन्हा म्हणून बघतं. चुकून झालेल्या जागी अडखळलं की बाईंकडे बघतं. मी आता टिपणांत नंबरासोबत तेही लिहिते: ‘मुलांकडे बघितलं’, ‘बाईंकडे बघितलं’. मॅडम म्हणाल्या, हे निकष म्हणून जरा विचित्र आहे, पण ठेव.

तुम्हाला करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. घरातल्या मुलाच्या पुस्तकातली न शिकवलेली एखादी कविता घ्या. आधी तुम्ही म्हणून दाखवू नका. चाल लावू नका. मूल वाचेल तेव्हा दुरुस्त करू नका, फक्त पेन्सिलीने खूण करा. मग तीच कविता दुसऱ्या मुलाकडून वाचून घ्या. खुणा एकावर एक आल्या तर त्या मुलांना सांगा की ओळच तशी आहे. मला हे तिसरीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जाता जाता सरड्याचं सांगते. ती जोडओळ मी मावशीच्या ओळखीच्या त्याच वर्गात फळ्यावर लिहिली होती. कुणी अडखळलं नाही, म्हणून मी खूश होते. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “ताई, सरडा चष्मा पुसत होता तेव्हा आजी कुठे गेली होती?”

तिसरी ओळ अजून सुचलेली नाही.